मिग आणि पियानो: रुपयात आलेल्या तबकड्या

नाशिक जिल्ह्यात ‘ओझर’ म्हटलं की पाठोपाठ ‘मिग’ येतंच. (विघ्नहराचं ओझर निराळं, ते जुन्नर तालुक्यात.) निफाड तालुक्यातल्या या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ साली आला, तो मिग-२१ ही सोव्हिएत लढाऊ विमानं बांधण्यासाठी. त्याच १९६४ साली मॉस्कोत ‘मेलोदिया’ ही सरकारी रेकॉर्ड कंपनी स्थापन झाली. हा निव्वळ योगायोग. पण पुढे पाव शतकभर ओझरच्या विमानांची सामग्री आणि बीथोव्हेन-शोपँच्या सोव्हिएत तबकड्या ज्या सोयीने भारतात येत राहिल्या, ती योगायोगाची नव्हती. ती होती रुपयात चालणारा भारत-सोव्हिएत व्यापार.

त्याआधी पाश्चात्त्य पियानोच्या रेकॉर्डी जमवणं म्हणजे श्रीमंती षोक. पियानोवादक आर्टूर श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात लंडनमध्ये बीथोव्हेनचे सगळे ३२ सोनाटा ध्वनिमुद्रित केले, ते एचएमव्हीने आगाऊ वर्गणी गोळा करून काढले. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची, म्हणजे एक सोनाटा ऐकायला दोन-तीन तबकड्या उलटसुलट करायच्या. असली चैन मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरांना परवडे. होमी भाभांना पाश्चात्त्य संगीताची गोडी लागली ती अशाच घरातल्या रेकॉर्डींवरून.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आणली आणि अख्खा सोनाटा एका बाजूवर बसू लागला. इथेही कोलकात्याजवळच्या दमदमच्या एचएमव्ही कारखान्यातून एलपी निघू लागल्या. दमदमचं पोट अर्थातच सिनेसंगीतावर चालायचं. श्नाबेल-रुबिनस्टाइनसारख्या पियानोवादकांना तिथे कितीशी जागा मिळणार? बाहेरून मागवावं तर आयात परवाना, वर जकात आणि परकीय चलनाची टंचाई. मग परदेशी गेलेल्या मामा-काकांच्या बॅगेवर भिस्त.

ही कोंडी फोडली सोव्हिएत मालाने. १९५३ च्या व्यापार कराराने दोन देशांतला हिशेब रुपयात होऊ लागला होता, डॉलर-पौंड लागत नव्हते. महाराष्ट्रातल्या एका पिढीला हा व्यापार आठवतो तो पुस्तकांमुळे: गुळगुळीत कागदावरच्या रशियन बालकथा, पेरेलमानचं गमतीदार पदार्थविज्ञान, मीर प्रकाशनाची गणितं, आणि किंमत अशी की शाळेतल्या पोरानेही खाऊच्या पैशात घ्यावं. सोव्हिएत पुस्तकांच्या दुकानांत आणि प्रदर्शनांत याच पुस्तकांशेजारी मेलोदियाच्या रेकॉर्डीही असत. प्रचाराचा भाग त्यात होताच, नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रचाराच्या नावाखाली एमिल गिलेल्स आणि स्व्यातोस्लाव रिख्टर मिळणार असतील तर ऐकणाऱ्याने तक्रार का करावी?

वादक होतेही तसेच. गिलेल्स १९५५ मध्ये आणि रिख्टर १९६० मध्ये अमेरिकेत वाजवायला गेले, तेव्हा तिथल्या श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. तात्याना निकोलायेवासाठी संगीतकार शोस्ताकोविचने २४ प्रील्यूड आणि फ्यूग लिहिले. तिने १९६२ मध्ये केलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण संग्राहक आजही शोधतात. सामुइल फाइनबर्गने बाखचे ४८ प्रील्यूड-फ्यूग १९५८ ते १९६१ दरम्यान मुद्रित केले. मारिया युदिनाने स्टालिनसाठी रातोरात मोझार्टची तबकडी तयार केल्याची गोष्ट रेकॉर्डवेड्यांच्या प्रत्येक मैफलीत निघते. किस्सा म्हणून झकास, पुरावा म्हणून कच्चा. उलट दिशेचा किस्सा मात्र पक्का आहे. १९५८ मध्ये मॉस्कोची पहिली चायकोव्हस्की स्पर्धा टेक्ससच्या व्हॅन क्लायबर्नने जिंकली आणि मायदेशी त्याची चायकोव्हस्कीच्या पहिल्या कन्चेर्तोची एलपी दहा लाखांवर खपली. संगीत रशियन आणि त्या एलपीचा वाद्यवृंद संचालक किरिल कोंद्राशिनही रशियनच.

मेलोदियाची जुनी तबकडी हातात आली की जाणकार आधी मधलं गोल लेबल वाचतो. सगळं रशियन लिपीत, तरी कुलूप उघडायला दोन खुणा पुरतात. पहिली ‘गोस्त’, म्हणजे सरकारी मानकाचा क्रमांक. ५२८९-६१, ५२८९-६८, ५२८९-७३, ५२८९-८० असे आकडे दिसतात. शेवटचे दोन अंक मानकाचं वर्ष सांगतात. ७३ असेल तर तबकडी त्यानंतरची आणि पुढचं मानक येण्याआधीची. मात्र हे साल दाबणीचं, वादनाचं नव्हे. पन्नासच्या दशकातलं गिलेल्सचं मोनो वादन ८० च्या मानकाच्या लेबलाखालीही सापडतं आणि तिथेच नवखा फसतो. दुसरी खूण यादीक्रमांकाची. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून स्टिरिओ तबकडीवर रशियन ‘एस’ हे अक्षर (दिसायला इंग्रजी ‘सी’) आणि पुढे दोन अंक येतात. त्यातला पहिला १ म्हणजे अभिजात संगीत, ६ म्हणजे हलकीफुलकी गाणी. दुसरा ० म्हणजे ३० सेंटीमीटरची मोठी तबकडी. रशियन न येणाऱ्यालाही चोरबाजाराच्या ढिगातून ‘१०’ वेचता येतो.

आवाजाचं काय? खरं सांगायचं तर प्रत एकसारखी नाही. काही तबकड्यांवर नवी कोरी असतानाही खरखर असे. अप्रेलेव्का, लेनिनग्राड, रिगा, ताश्कंद अशा निरनिराळ्या कारखान्यांत एकच ध्वनिमुद्रण दाबलं जाई आणि मालाचा दर्जा बदले. हीच वादनं ब्रिटनमध्ये एचएमव्ही-मेलोदिया आणि अमेरिकेत मेलोदिया-एंजल या जोडनावांनी निघाली. त्यांची दाबणी बहुधा शांत. तरी मूळ सोव्हिएत प्रतीचा भक्त हटत नाही, आणि पियानोच्या खर्जातल्या सुरांबाबत त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

मग सगळंच आटलं. ऐंशीच्या दशकात कॅसेटने रेकॉर्डला घरातून हुसकावलं. ओझरची मिग-२१ ची बांधणी १९८७ मध्ये थांबली. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला आणि त्याबरोबर रुपयाचा तो व्यवहारही. मुंबईत काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे रेकॉर्डींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने शेवटची मिग-२१ विमानं निवृत्त केली. रेकॉर्डीने मात्र मधल्या काळात पुन्हा डोकं वर काढलं: अमेरिकेत २०२२ मध्ये १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा जास्त रेकॉर्डी विकल्या गेल्या.

आपल्याकडे जुन्या तबकड्यांची आस्था कमी नाही. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने, सुरेश चांदवणकरांसारख्यांच्या चिकाटीमुळे, नाट्यगीतांपासून ख्यालापर्यंत लाखेच्या तबकड्यांची दखल घेतली. त्या मानाने रुपयात आलेला हा पियानो अजून नोंदीबाहेर आहे. भारतीय संगीत नाही म्हणून इकडच्यांनी सोडला आणि सोव्हिएत स्वस्त माल म्हणून तिकडच्यांनी, असं त्याचं झालं.

तेव्हा ओझर-नाशिककडे किंवा मुंबई-पुण्यात कुणाच्या माळ्यावर रशियन अक्षरांच्या तबकड्या असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी लेबलावरचे दोन क्रमांक उतरवून घ्या. तबकड्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा आणि उन्हापासून दूर ठेवा. कव्हर फाटलं असेल तरी टाकू नका. दुकानाचा शिक्का किंवा रुपयातली किंमत बऱ्याचदा त्याच्यावरच सापडते.