सोलापूरची चिनी सून
जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर धाडले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. तिथल्या बेथून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि १९४१ मध्ये गुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, यिनहुआ. भारत आणि चीन दोन्ही त्या नावात आहेत. जेमतेम साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबरला, कोटणीस अपस्माराने गेले; वय अवघं ३२. यिनहुआही १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच वारला. कोटणीसांवरच्या व्ही. शांतारामांच्या १९४६च्या चित्रपटात अभिनेत्री जयश्रीबाई चिंगलान झाल्या, म्हणजे पडद्यावरची चिनी सून मराठीच! खऱ्या चिंगलान मात्र कोटणीसांच्या घरच्यांना भेटायला भारतात येत राहिल्या. त्यांचं निधन २०१२ मध्ये झालं.