तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही

“तुकडा काढू देऊ नका, पसरेल!” त्वचेवरच्या संशयास्पद चट्ट्याची बायोप्सी सुचवली की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच. शिकलेसवरलेलेही म्हणतात. मग तपासणी लांबते, आणि सहज बरा होणारा आजार हाताबाहेर जातो. याची चीड येते.

वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या कपाळावर, कानांवर, टकलावर, हातांच्या पाठीवर जी खरखरीत, लालसर खपली धरते, तिला ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. ही कॅन्सरची पूर्वावस्था. तिच्यातल्या बिघडलेल्या पेशी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच असतात. त्या थरात रक्तवाहिन्या नसतात, लसिकावाहिन्याही नसतात. मग तुकडा काढल्याने पेशी पसरतील कुठल्या वाटेने? होतं असं, की रुग्ण उशिरा येतो, आधीच पसरलेला रोग बायोप्सीत कळतो आणि खापर बायोप्सीवर फुटतं. प्रत्यक्षात जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखादा टाका घालतात. संपलं.

शिवाय प्रत्येकाला बायोप्सी लागत नाही. निदान बहुतेकदा नजरेने आणि बोटाने होतं. सुरुवातीचा चट्टा धड दिसतही नाही, पण बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखा लागतो. डर्मोस्कोपखाली चेहऱ्यावरच्या चट्ट्यात लालसर जाळी आणि तिच्यात केसांच्या छिद्रांची पिवळट-पांढरी टिंबं दिसतात. चट्टा जाड झाला, बुडाशी कडक लागला, दुखू लागला, त्यातून रक्त आलं, तो भराभर वाढला किंवा उपचारांना दाद देईना, की मात्र बायोप्सी टाळायची नाही.

‘असा चट्टा म्हणजे कॅन्सरच’, हेही खोटं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षभरात शंभरातला एखादा चट्टाही स्क्वॅमस सेल कॅन्सरपर्यंत गेला नव्हता. निम्म्याहून जास्त तर दिसेनासे झाले होते. पण त्याच रुग्णांना झालेल्या अशा कॅन्सरांपैकी सुमारे 65 टक्के याच चट्ट्यांतून उगवले होते. म्हणून ‘आपोआप जातं’ म्हणत दुर्लक्षही नको.

‘कोरडेपणा आहे, तेल लावा.’ तेलाने खपली मऊ पडते, खालच्या पेशी सुधारत नाहीत.

‘सावळ्यांना हे होतच नाही.’ मेलॅनिनमुळे आपल्याकडे हा आजार कमी, हे खरं. पण अल्बिनिझम असलेल्यांना ते संरक्षण नसतं. त्यांना तो तरुणपणीच गाठू शकतो. आणि उन्हात राबणाऱ्या कुणाचाही खालचा ओठ सतत सोलवटत असेल, त्याची कड पुसट झाली असेल, तर तूप चोळत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.