आरसे, घरगुती : मापानुसार घडण, बसवणी व खर्च

घरातील भिंत, कपाट, दार वा स्नानगृह यांतील ठरावीक जागेसाठी, त्या जागेचे माप घेऊन कापलेल्या व कडा घासून तयार केलेल्या आरशास मापानुसार घडविलेला आरसा म्हणतात. चौकटीसह तयार मिळणारा आरसा पसंत न पडल्यास बदलून घेता येतो. मापाने कापलेली काच मात्र वाढविता येत नाही व दुसऱ्या जागेस ती क्वचितच उपयोगी पडते. त्यामुळे मापातील चुकीचा भुर्दंड बहुधा ग्राहकासच पडतो. अशा आरशाचा खर्च काच, कडांचे काम, वाहतूक व बसवणी यांत विभागलेला असतो आणि आरसा किती वर्षे टिकतो, यावर तो शेवटी महाग की स्वस्त हे ठरते. दर चौरस फुटास सांगितला जाणारा भाव हा या हिशेबाचा केवळ एक भाग होय.

इतिहास : प्राचीन काळी आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. केरळातील आरन्मुळा येथे मिश्रधातूचे असे आरसे अद्यापही तयार होतात. काचेच्या मागे कथिल व पारा यांच्या मिश्रणाचा थर देण्याची कृती यूरोपात, विशेषतः व्हेनिस येथे, भरभराटीस आली. पाऱ्याच्या वाफेमुळे ती कारागिरांना अत्यंत घातक होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिख यांनी १८३५ मध्ये काचेवर चांदीचा थर निक्षेपित करण्याची रासायनिक कृती शोधली आणि त्यानंतरच्या काळात पाऱ्याचा वापर मागे पडला. तथापि मराठीत आरशाचा मागील थर खराब झाल्यास ‘पारा उडाला’ असेच अजूनही म्हणतात. मोठे आरसे ही दीर्घकाळ श्रीमंतांची मिरासदारी होती. पुण्याच्या शनिवारवाड्यात आरसेमहाल होता. १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतील इमारती जळाल्या. विसाव्या शतकात वितळलेल्या कथिलावर काच तरंगत ठेवून तिचा सपाट तक्ता करण्याची ‘फ्लोट’ पद्धती इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने विकसित केली व १९५९ मध्ये जाहीर केली. भारतात अशा काचेचे उत्पादन १९९० नंतरच्या दशकात सुरू झाले. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे तिचा कारखाना आहे. घासून सपाट करण्याची गरज नसलेली ही काच उपलब्ध झाल्याने मोठा व निर्दोष आरसा सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आला.

रचना : आधुनिक आरशात पुढे काच, तिच्या मागे चांदीचा अतिशय पातळ थर व त्यामागे संरक्षक रंगाचे थर असतात. चांदीच्या थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. पूर्वी चांदीच्या मागे तांब्याचा थर सरसकट देत. आता तांबेविरहित आरसेही मिळतात व ते दमटपणात अधिक टिकतात. सर्वसाधारण वापराच्या आरशांसाठी आय. एस. ३४३८ हे भारतीय मानक आहे. घरगुती कामासाठी प्रायः ४ ते ६ मिमी. जाडीची काच वापरतात. पातळ काच मोठ्या आकारात किंचित वाकते व प्रतिमा वेडीवाकडी दिसते. जाड काच सरळ राहते, परंतु तिचे वजन वाढते. काचेच्या १ मिमी. जाडीमागे दर चौरस मीटरला सुमारे २·५ किग्रॅ. वजन भरते. त्यानुसार ५ मिमी. जाडीचा ४ × ६ फुटी आरसा सुमारे २८ किग्रॅ. भरतो. हा भार भिंतीने कायम पेलावयाचा असतो.

आकाराची निवड : पूर्ण अंग दिसण्यासाठी माणसाच्या उंचीइतका आरसा लागतो, ही समजूत चुकीची आहे. परावर्तनाच्या नियमानुसार सपाट व उभ्या आरशाची उंची व्यक्तीच्या उंचीच्या निम्मी असल्यास पुरते; व्यक्ती आरशापासून किती दूर उभी आहे यावर हे प्रमाण अवलंबून नसते. मात्र आरशाची वरची कड डोळे व डोक्याचा माथा यांच्या मध्यावर, तर खालची कड जमिनीपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीच्या निम्म्यावर असावी लागते. घरातील सर्वांत उंच व्यक्ती १७८ सेंमी. व सर्वांत लहान मूल ११० सेंमी. असून प्रत्येकाचे डोळे माथ्याखाली ११ सेंमी. आहेत असे धरल्यास, जमिनीपासून सुमारे ५० सेंमी.पासून १७२ सेंमी.पर्यंतचा, म्हणजे जवळजवळ ४ फूट उंचीचा आरसा सर्वांना पुरतो. जमिनीपासून छतापर्यंतचा आरसा ही शोभेची बाब होय. पाहण्यासाठी त्याची आवश्यकता नसते. खर्चात बचत करण्याची पहिली जागा हीच आहे.

मूल्याची आकारणी : काचेचा भाव चौरस फुटावर, तर कडा घासण्याचा भाव लांबीच्या फुटावर (रनिंग फुटावर) आकारतात. कड नुसती बोथट करणे, यंत्रावर चकचकीत करणे व तिरकी घासणे (बेव्हल) यांचे भाव चढत्या क्रमाने असतात. भोके नगावर मोजतात. गोल, लंबगोल वा कमानदार आरशासाठी त्यास व्यापणाऱ्या पूर्ण चौकोनाचे क्षेत्रफळ सामान्यतः धरतात, कारण कापून उरलेले कोपरे वाया जातात.

ग्राहकाच्या सहसा लक्षात न येणारी बाब म्हणजे मापाची पूर्णांकी धरणी. अनेक दुकानांत लांबी व रुंदी प्रत्येकी पुढील ३ वा ६ इंचांपर्यंत वाढवून धरतात. उदा., २५ × ४९ इंच आरशाचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ सुमारे ८·५ चौ. फूट भरते. तीन इंची धरणीने तो २७ × ५१ इंच, म्हणजे सुमारे ९·५६ चौ. फूट, तर सहा इंची धरणीने ३० × ५४ इंच, म्हणजे ११·२५ चौ. फूट होतो. तोच आरसा प्रत्येक बाजूस एक इंच कमी करून २४ × ४८ इंच घेतल्यास दोन्ही पद्धतींत ८ चौ. फूटच भरतो. धरणी कोणती हे माप देण्यापूर्वी विचारून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दर गावागणिक व काळागणिक बदलतात. तथापि हिशेबाची रीत पुढील कल्पित दरांवरून स्पष्ट होईल. समजा, ५ मिमी. आरशाचा दर चौ. फुटास १२० रु., कड घासण्याचा फुटास १५ रु., भोकास ३० रु., वाहतूक २०० रु. व बसवणी ४०० रु. आहे. २४ × ४८ इंच आरशास काचेचे ९६० रु., १२ फूट कडेचे १८० रु., चार भोकांचे १२० रु. आणि वाहतूक व बसवणीचे ६०० रु. मिळून १,८६० रु. होतात. यात काचेचा वाटा जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक आहे. सहा इंची धरणीच्या दुकानात २५ × ४९ इंच आरसा घेतल्यास केवळ काचेचेच ३९० रु. वाढतील. वस्तू व सेवा कराचा दर अशा आरशांवर नोव्हेंबर २०१७ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. सांगितलेल्या भावात कर, कडा व बसवणी धरली आहे किंवा नाही, हे ठरवूनच दोन दुकानांच्या भावांची तुलना करावी लागते. चौकट, मागील प्लायवूड व दिवे यांचा खर्च निराळा असतो आणि कित्येकदा तो आरशाच्या किंमतीहूनही अधिक भरतो.

भिंत व बसवणी : बसवणीचा खर्च भिंतीच्या प्रकारावर अवलंबून असतो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान व दिगंबर जैनांचे प्राचीन केंद्र असलेले हे गाव सतराव्या शतकात श्रीमंत व्यापारी पेठ म्हणून ख्यातनाम होते. जैनांच्या अष्टमंगलांत दर्पणाचा समावेश होतो. विदर्भातील अशा जुन्या पेठांत दोन पिढ्यांची घरे शेजारी शेजारी आढळतात : एकीकडे माती व विटा यांच्या जाड भिंतींचे आणि लाकडी खांबांचे वाडे, तर दुसरीकडे काँक्रीटचे सांगाडे असलेली नवी घरे.

मातीच्या भिंतीत खुंटी व स्क्रू पकड घेत नाहीत. काही काळाने भोक सैल होते व आरसा खाली येतो. अशा ठिकाणी दोन लाकडी खांबांवर आडव्या पट्ट्या ठोकून त्यांवर प्लायवूड व त्यावर आरसा बसवितात, किंवा जड आरसा जमिनीवरील चौकटीत उभा करून वरच्या बाजूने केवळ आधार देतात. यास सुताराचे काम लागते व खर्च वाढतो, परंतु भार भिंतीवर येत नाही. भाजलेल्या विटांच्या भिंतीत नेहमीची खुंटी चालते. पोकळ वा हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीस त्यांसाठीच्या खास खुंट्या लागतात. नव्या गिलाव्यावर तो पूर्ण वाळेपर्यंत आरसा लावू नये, कारण त्यातील ओल व चुन्याचा अंश मागील थरास अपायकारक असतात.

माप घेताना जागेची रुंदी वर, मध्ये व खाली आणि उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे घेऊन त्यांतील सर्वांत लहान माप धरतात व त्यातून एक सूत (इंचाचा आठवा भाग) तरी सैलपणासाठी वजा करतात. जुन्या घरांत कोन क्वचितच काटकोन असतात. म्हणून दोन्ही कर्ण मोजून पाहतात व भिंतीस ओळंबा लावतात. कर्ण असमान असल्यास पुठ्ठ्याचा साचा कापून तो काच कापणाऱ्याकडे देणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

वाहतुकीत काच नेहमी कडेवर उभी, लाकूड वा रबराच्या आधाराने न्यावी लागते. आडवी ठेवल्यास ती स्वतःच्या भाराने व हादऱ्याने तडकते. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाने कारंजा नागपूरशी वेगवान रस्त्याने जोडले गेले असले, तरी काच फुटण्याची जोखीम बहुधा गावातील शेवटच्या अरुंद बोळात व जिन्यावर असते. फुटल्यास नुकसान कोणाचे, हे बयाणा देण्यापूर्वीच ठरविलेले असावे.

टिकाऊपणा : आरसा काळा पडण्यास बहुधा कडेकडून सुरुवात होते. कडेतून ओल शिरून चांदीच्या थराचे क्षरण होते. याचे एक दुर्लक्षित कारण चिकटविण्याच्या द्रव्यात असते. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकोन वाळताना ॲसेटिक अम्ल सोडते व ते मागील थर खाऊन टाकते. आरशासाठी अम्ल न सोडणारे (न्यूट्रल) सिलिकोनच वापरावे लागते. दोहोंच्या किंमतीतील फरक थोडा असतो, परंतु चुकीच्या नळीमुळे संपूर्ण आरसा बदलावा लागतो. भिंत व आरसा यांमध्ये हवा खेळण्याइतकी फट ठेवणे, खालच्या पट्टीत पाणी साचू न देणे व पुसताना द्रव आरशावर न फवारता कापडावर घेणे हे उपाय उपयुक्त ठरतात. कूपनलिकेच्या कठीण पाण्याचे शिंतोडे स्नानगृहातील आरशावर क्षारांचे पांढरे डाग ठेवतात. ते वाळण्यापूर्वीच पुसावेत.

सुरक्षितता : साध्या काचेचे तुकडे लांब व धारदार होतात. दारावर, जिन्यालगत किंवा मुलांच्या वावराच्या जागी बसवावयाच्या आरशाच्या मागे चिवट फिल्म चिकटवून घेतल्यास काच फुटली तरी तुकडे जागीच धरून राहतात. दृढीकृत (टफन्ड) काचेचे बारीक बोथट तुकडे होतात. परंतु ती दृढीकरणानंतर कापता वा भोके पाडता येत नसल्याने तिचे माप आधीच अचूक असावे लागते. जड आरसा केवळ चिकटद्रव्यावर न ठेवता त्यास खालून पट्टीचा वा चिमट्यांचा यांत्रिक आधार द्यावा.

जुने आरसे : वाडवडिलांच्या घरातील जाड काचेचा आरसा कडेने काळा पडला असल्यास तो टाकून देण्याचे कारण नसते. खराब कडा कापून उरलेला भाग लहान जागेसाठी वापरता येतो आणि त्यास केवळ कापणी व घासणीचा खर्च येतो. मात्र फार जुन्या आरशाचा मागील थर कथिल-पाऱ्याचा असण्याचा संभव असतो. असा थर घरी खरवडू किंवा तापवू नये, कारण त्यातून पाऱ्याची विषारी वाफ बाहेर पडते. असे आरसे चौकटीसह जसेच्या तसे राखणे इष्ट होय.