जमिनीची ओल आणि औषधांची वाफ

तापलेल्या जमिनीवर मृगाचा पहिला शिडकावा पडताच मातीचा सुगंध दरवळतो. ऑस्ट्रेलियातील बेअर व थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली या सुगंधाची मीमांसा केली. कोरडी माती हवेतील सेंद्रिय द्रव्यांची वाफ उन्हाळाभर धरून ठेवते आणि ओल मिळताच ती सोडून देते. उत्तर प्रदेशातील कनौज येथे मातीपासून अत्तर काढतात, त्याचे मूळही यातच आहे.

जो न्याय सुगंधाला, तोच कीटकनाशकांच्या व तणनाशकांच्या वाफेलाही लागू पडतो.

मातीत वाफ धरून ठेवणाऱ्या जागा मुख्यतः दोन आहेत: खनिज कणांचा पृष्ठभाग आणि कुजून तयार झालेले सेंद्रिय द्रव्य. माती अगदी कोरडी असता वाफ कणांना घट्ट चिकटते. आर्द्रता वाढली म्हणजे पाणी ती जागा बळकावते व वाफ मोकळी होते. सेंद्रिय द्रव्यात मात्र, तेलात वास मुरावा तशी वाफ मुरते. तेथून तिला हुसकावणे पाण्यास सहसा साधत नाही. अमेरिकेतील चिऊ व शूप यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले. सापेक्ष आर्द्रता सुमारे ९० टक्के होताच मातीची वाफ शोषण्याची शक्ती घटून भिजलेल्या मातीइतकी झाली. उरलेली शक्ती प्रामुख्याने सेंद्रिय द्रव्याची होती.

यावरून शेतकरी बांधवांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, उडून जाणारे तणनाशक ओल्या जमिनीवर उघडे राहिल्यास त्वरेने उडते व पैसा वाया जातो. ते मातीत मिसळावे असे माहितीपत्रकात लिहिले असल्यास फवारणीनंतर वखर फिरविण्यास विलंब करू नये.

दुसरी, शेणखत व कंपोस्ट यांनी सेंद्रिय द्रव्य वाढलेली जमीन ओलीतही वाफ धरून ठेवते. परंतु अशा जमिनीत काही तणनाशकांचा गुण कमी येतो. म्हणून मात्रा पत्रकात दिलेल्या जमिनीच्या प्रकारानुसारच ठरवावी.

तिसरी गोष्ट जिवाशी निगडित आहे. घराच्या मातीच्या भुईवर औषध सांडले आणि उन्हाळ्यात त्याचा वास येईनासा झाला, म्हणजे ते नाहीसे झाले असे समजू नये. पावसाळ्याच्या दमट हवेत तीच भुई पुन्हा वाफ सोडू लागते, आणि तिच्यावरच मुले निजतात. यास्तव औषधे राहत्या घरात व धान्याजवळ कदापि ठेवू नयेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट पावसाळ्यापूर्वीच घरोघरी समजावून सांगावी.