परिचितांपासूनचे रक्षण

जळगावलगतच्या असोद्यासारख्या गावी, जिथे ओट्याला ओटा लागलेला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसही मूल ‘काका’, ‘मामा’ म्हणूनच हाक मारते, तिथे परक्यापासून सावध राहण्याचा उपदेश अपुराच पडतो. कारण लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांतील आरोपी बहुतांशी मुलाच्या परिचयाचाच असतो. म्हणून नातलगाच्या मांडीवर बसण्यास नकार देणाऱ्या मुलास उद्धट ठरविण्यापूर्वी आईबापांनी कारण विचारावे, आणि शरीराच्या अवयवांची नावे त्यास संकोचावाचून शिकवावीत. ज्या जागेचे नावच ठाऊक नाही तिच्याविषयी मूल सांगणार तरी काय? १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेला पॉक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांसही लागू असून, गुन्हा ठाऊक असता खबर न देणे हाही त्यात गुन्हाच आहे. तेव्हा इभ्रतीच्या नावाखाली भाऊबंदांच्या बैठकीत प्रकरण मिटविणे, ज्यास आपल्याकडे अजून शहाणपण म्हणतात, ते निव्वळ बेकायदा होय. जबानी शक्यतो महिला फौजदाराने, गणवेशावाचून, मुलाच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या जागी, आईवडिलांच्या अथवा त्याच्या विश्वासातील माणसाच्या समक्ष नोंदवावयाची असते. रात्री मुलास ठाण्यात ठेवता येत नाही. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक अहोरात्र, विनाशुल्क उपलब्ध आहे.