एका कृमीचा जंतूंशी सामना

कुजलेले फळ किंवा पालापाचोळ्याचे खत सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून पाहिले असता त्यात धाग्यासारखे बारीक, वळवळणारे जीव पुष्कळदा दृष्टीस पडतात. हेच सूत्रकृमी होत. त्यांपैकी सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या जातीचा कृमी पूर्ण वाढला तरी सुमारे १ मिलिमीटरच लांब असतो. त्याचे शरीर पारदर्शक असल्यामुळे तो जिवंत असतानाच त्याच्या आतड्यातील घडामोडी पाहता येतात. केंब्रिज येथील सिडनी ब्रेनर यांनी १९६३ साली संशोधनासाठी त्याची निवड केली आणि तेव्हापासून तो अनेक देशांच्या प्रयोगशाळांत पाळला जात आहे.

या कृमीचे अन्न म्हणजे जंतू. ते गिळून घशातील दात्यांमध्ये तो भरडतो. परंतु सर्वच जंतू निरुपद्रवी नसतात, आणि अन्न व शत्रू एकाच जातकुळीचे असणे ही मोठी अडचणीची गोष्ट होय. आपल्या शरीरात रोगजंतूंचा समाचार घेण्यास रक्तातील पांढऱ्या पेशी असतात, प्रतिपिंडे असतात. या कृमीपाशी यांपैकी काहीच नाही. त्याच्या साऱ्या देहात पेशी अवघ्या ९५९, आणि आतड्यात तर केवळ २०. मग तो तग धरतो कसा?

बोस्टन येथील फ्रेडरिक ऑसुबेल व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. भाजलेल्या रुग्णांच्या जखमा चिघळविणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू त्यांनी कृमींना खाऊ घातला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत मृत्यूचे दोन प्रकार आढळले. एका प्रकारच्या पोषकद्रव्यावर वाढविलेले जंतू विष निर्माण करीत व कृमी काही तासांतच मरत. दुसऱ्या प्रकारात भरडण्यातून वाचलेले जंतू आतड्यात ठाण मांडून वाढत आणि कृमी काही दिवसांनी मरत.

पुढे २००२ साली डेनिस किम व इतरांनी लवकर मरणाऱ्या कृमींची जनुके तपासली. त्यांवरून संरक्षणाचा निरोप पोहोचविणारी प्रथिनांची एक साखळी उजेडात आली. जुन्या काळी डाकेची थैली एका हरकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात असे, तसाच हा निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. शेवटचा हरकारा पीएमके-१ हा होय. त्याच्या सांगाव्यावरून जंतुविरोधी द्रव्यांची जनुके कामाला लागतात. याच कुळातील प्रथिने मनुष्याच्या पेशींतही आहेत.

पण शत्रू आला हे मुळात कळते कसे? आम्हांस हा भाग सर्वांत मनोवेधक वाटतो. चोर दिसला नाही तरी कोठीतले धान्य घटल्यावरून घरधनी सावध होतो. कृमीचेही काहीसे तसेच आहे. स्यूडोमोनासचे एक विष पेशीतील प्रथिननिर्मिती थांबविते. २०१२ साली असे दिसून आले की, हे विष तयार करणारे, एरवी निरुपद्रवी असे जंतू खाल्ले तरी आतड्याच्या पेशी संरक्षक जनुके चालू करतात. विषाची मारकता नाहीशी केली, तर मात्र त्या स्वस्थ राहतात. म्हणजे ओळख पटते ती विषाच्या रूपाची नव्हे, तर आपल्याच कामात पडलेल्या खंडाची. शिवाय एकदा आजारी पडलेला कृमी त्या जंतूंचा वास टाळण्यास शिकतो, हे २००५ सालीच सिद्ध झाले होते. अवघ्या ३०२ मज्जापेशींच्या जिवाला हे साधावे, याचे नवल वाटते.

मात्र हे संरक्षण फुकट मिळत नाही. एकाएकी पुष्कळ प्रथिने तयार करावयाची, तर त्यांच्या घड्या नीट पडण्याची व्यवस्थाही हवी. ही व्यवस्था सांभाळणारे एक्सबीपी-१ हे प्रथिन ज्यांच्यात नव्हते, अशा कृमींच्या अळ्या निरुपद्रवी जंतूंवर नीट वाढल्या. स्यूडोमोनासवर ठेवताच मरू लागल्या. त्यांना मारले कोणी, जंतूंनी की त्यांच्याच संरक्षणाच्या धावपळीने? २०१० सालच्या या प्रयोगात, उत्तर मिळविण्यासाठी, संशोधकांनी तशाच अळ्यांतील पीएमके-१ हा हरकाराही निकामी केला. त्या अळ्या त्याच जंतूंवर वाढून प्रौढ झाल्या.