जोडून आलेली सुट्टी आणि आपलं गाणं



पंधरा ऑगस्ट शनिवार-रविवारला जोडून आला, की लोणावळ्याच्या रस्त्याचं काय होतं ते मावळातल्या बाईला सांगायला नको. खंडाळ्यापासून गाड्यांची रांग, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. आणि या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त राबतं कोण? आपणच. कुणी कणसं भाजतं, कुणी भजी तळतं, कुणी बंगल्यावर भाकरी थापायला जातं. बाकीच्यांची सुट्टी, आपला हंगाम. रात्री दमून पाठ टेकावी, तर शेजारच्या बंगल्यावरचा स्पीकर छाती हादरवत असतो. लोक म्हणतात, सुट्टीला गाणं ऐकायला आलोय.

त्या स्पीकरचं आधी सांगून टाकते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. सणासुदीचे ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सवलत देतं, ते सोडून. घरात बाळंतीण असेल, म्हातारं माणूस असेल, तर ११२ ला फोन करायला भिऊ नका. झालं. आज मला तक्रारीचं बोलायचं नाही. आज बोलायचं ते आपल्या गाण्याबद्दल, ज्याला स्पीकर लागत नाही.

आपल्यापैकी कितीजणींनी भाज्याची लेणी बघितली आहेत? मळवलीला लोकलमधून उतरायचं, भाजे गावात यायचं, पायऱ्या चढायच्या. बाहेरून येणारे धबधब्याखाली भिजतात, मोठ्या लेण्यापुढे फोटो काढतात आणि उतरतात. तुम्ही तसं करू नका. दगडी स्तूपांचा घोळका ओलांडून पुढे टोकाच्या विहाराकडे जा. तिथं दरवाजाशेजारच्या भिंतीवर कोरीव काम आहे. त्यात एक बाई बसून वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. वाजवणारीच्या पुढ्यात उभे ढोल आहेत. काहीजण त्याला तबलाच म्हणतात, काहीजण त्याला पुष्कर नावाचं जुनं वाद्य म्हणतात. नाव काही का असेना. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मावळात, आपल्याच डोंगरात, कुणीतरी वाजवणारी बाई दगडात कोरून ठेवली.

आणि आज? गावोगाव महिला भजनी मंडळं आहेत, टाळ आपल्या हातात आहेत, गळाही आपला आहे. पण पखवाजाला कुणीतरी दादा शोधून आणावा लागतो. त्याला वेळ नसला की आपलं भजन रद्द. ही गोष्ट मला फार खटकते. पखवाज शिकायला ताकद लागते त्यापेक्षा सराव जास्त लागतो, आणि दोन हातांनी भाकरी थापणाऱ्या बाईला लय शिकवावी लागत नाही. गटातल्या एखाद्या मुलीला तरी हे शिकायला पाठवा.

आता ओवीकडे येते, कारण तिथं जरा थांबायला हवं.

ओवी म्हणजे नुसते शब्द नाहीत, ते जात्याचं गाणं आहे. दोघी समोरासमोर बसतात, खुंटा दोघींच्या हातात. एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं. दगडाच्या घरघरीचा सूर खाली चालू असतो आणि फेऱ्याचा ठेका मिळतो. मुठीनं दाणे टाकले की जातं जड होतं, गाणंही संथ होतं. दाणे सरत आले की जातं हलकं पळतं. श्वास कुठं घ्यायचा ते हातच सांगतात. म्हणून ओवी स्टेजवर उभं राहून माईकपुढे म्हणायला लागलं की बऱ्याच जणींना आठवतच नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण म्हणतो, ते अगदी खरं आहे. एक ओळ एकीनं म्हणावी, ती दुसरीनं उचलावी. पहिल्या ओळीत अंगणातलं, वाटेवरचं काहीतरी दिसतं आणि दुसऱ्या ओळीत मनातलं येतं. आधी देवाची, मग आई-बापाची, भावाची, लेकराची, पंढरीची, सीतामाईच्या वनवासाची, बाबासाहेबांचीसुद्धा. आणि सासरच्या जाचाची. दुसऱ्या कुणापुढे बोलता आलं नसतं ते बाई दगडाला सांगून मोकळी व्हायची.

गिरणी आली हे चांगलंच झालं. पहाटे तीनला उठून घरभराचं दळायचे दिवस परत नकोत, कुणी कितीही गोडवे गायले तरी. पण दळणाबरोबर गाण्याची बैठक गेली. गाणं लक्षात आहे, बसायला जागा नाही, असं झालं.

हे वेळेवर ओळखलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी. मुळशी-मावळच्या डोंगराळ भागात बायांच्या सोबत काम करताना त्यांना कळलं, की या बायांचं मन जाणायचं तर ओवी ऐकायला हवी. तिथून काम वाढत गेलं. महाराष्ट्रभर हजाराहून जास्त गावांतल्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लिहून घेतल्या, पुष्कळ ध्वनिमुद्रितही केल्या. ते दोघंही आज नाहीत. २०१७ पासून पारी ही ग्रामीण भारताची माहिती गोळा करणारी संस्था त्या ओव्या बायांच्या नावागावासकट लोकांपुढे आणते आहे. मोबाइलवर मराठीतून वाचता येतात, ऐकताही येतात. चहा उकळेपर्यंत एखादी ऐका.

पण ऐकलेलं मुद्रण वेगळं आणि शेजारी बसून गायलेलं वेगळं. ओव्या येणाऱ्या आज्या प्रत्येक गावात आहेत, पण दरवर्षी थोड्या कमी होतात. लिहून ठेवणारी आली तेव्हा आजीचा आवाज बसलेला होता, असं मी स्वतः अनुभवलंय. म्हणून म्हणते, जोडून सुट्टी आली की लेकी-सुना-नाती घरी असतात, त्यातली एक संध्याकाळ या गाण्यासाठी काढा.

त्याला वेगळा खर्च नाही. आणि प्रसंगही आहेत. पंधरा ऑगस्टला बहुतेक वर्षी श्रावण असतो, नागपंचमीची फेराची गाणी, झिम्मा-फुगडी त्याच दिवसांतली. दिवाळीच्या सुट्टीत कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात पहाटेचा काकडा असतोच, मुंबई-पुण्याहून आलेल्या पोरांना एकदा तरी त्या थंडीत उठवून न्या. माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगर आहे. चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याला एकवीरा आईची पालखी असते. त्या दिवशी कोकणातल्या आणि मुंबईकडच्या कोळी-आगरी बायका पायऱ्यांवरच गात-नाचत येतात. त्यांना कुणी स्टेज दिलेलं नसतं. गर्दी मात्र फार, लेकरं घेऊन जायचं तर एक दिवस आधी जा.

आणि लग्न. हळद दळायला आजही जात्याला आंब्याचा डहाळा बांधतो, सवासणी हात लावतात. पाच फेरे, फोटो, की लगेच डीजे. डीजे लावा, पोरांची हौस आहे. पण त्याआधी अर्धा तास जात्यापाशी आज्यांना बसू द्या.

एक प्रश्न गटांकडून नेहमी येतो. रिसॉर्टवाले म्हणतात, पाहुण्यांपुढे ओव्या म्हणा, जावं का? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. फुगडी, झिम्मा, कोळीगीत खुशाल करा, पण पैसे आधी ठरवून, गटाच्या नावावर, आणि घरी सोडायला गाडी मागून. सासुरवासाच्या ओव्या मात्र जेवणाऱ्यांच्या ताटांपुढे म्हणू नयेत असं मला वाटतं. ते आपलं आपल्यातलं बोलणं आहे.

संध्याकाळ ठरली तर एवढं करा. माळ्यावरचं जातं आदल्या दिवशी उतरवून पुसून ठेवा, तळीला टाकी लावून बरेच दिवस झाले असतील तर फिरवून बघा. एकीनं गाणं म्हणायचं आणि एका नातीनं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, पण आजीला विचारून. सुरुवातीला नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकली ते बोलून घ्या, पुढच्या पिढीला आवाज कुणाचा ते कळायला हवं. ओवी चुकली तर मध्ये थांबवू नका. टीव्ही बंद. आणि दोन किलो इंद्रायणी तांदूळ घेऊन बसा, गाणं संपेपर्यंत भाकरीचं पीठ होतं.